तिसरा शिक्का

होदोशबाईंनी या सत्रात परीक्षा घेणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा वर्गात एकटा हिनेक वोबोर्निक काय तो खिन्न झाला. परीक्षेत माणसाला आपली जागा कळते असं त्याचं मत होतं, आणि आपली जागा पहिल्या तिघांत असते हेही त्याला ठाऊक होतं. परीक्षेऐवजी बाईंनी प्रत्येक गटाला एकेक छापील कागद दिला. ट्रान्सिल्व्हेनियातल्या खेड्यापाड्यांत तटबंदीची जुनी चर्चं आहेत, त्यांतली तीन बघून या, प्रत्येकावर अर्धं पान लिहा, आणि कागदावर तीन चौकटी आहेत त्यांत तिन्ही ठिकाणचे शिक्के आणा. मुदत मंगळवार, दुपारी बारा. तीन शिक्के असतील तर सगळ्या गटाला सहा क्रेडिट, नसतील तर कुणालाच काही नाही.

"आणि दोनच शिक्के असले तर?" हिनेकनं विचारलं. "चार क्रेडिट वगैरे?"

"दोन असले तर मंगळवारी यायचे कष्ट घेऊ नका," बाई म्हणाल्या.

गटात चौघं होती. बोग्ना पोलंडची; तिची शिष्यवृत्ती या सहा क्रेडिटांवर टांगलेली होती आणि जीभ एरवीही धारेची होती. कॅलिरोई ग्रीसची; तिच्या गावात पाण्याची पाइपलाइन टाकायला खणलं तरी देऊळ लागतं, त्यामुळे जुन्या दगडांचं तिला अप्रूप नव्हतं, जेवणाचं होतं. इनिगो स्पेनचा, तो झोपायचा. 'शिक्के' हा शब्द ऐकल्याबरोबर हिनेकनं गटाचं नेतृत्व स्वतःकडे घेतलं, आणि दुसऱ्या कुणालाच ते नको असल्यामुळे ते त्याच्याकडेच राहिलं. जगातली बरीचशी नेतृत्वं याच रीतीनं ठरतात, फक्त ती माणसं तसं कबूल करत नाहीत.

यात हिनेकचा दोष म्हणावा तर तो रक्तातला होता. चेक माणूस किल्ला चढतो तो शिक्क्यासाठी. तिकडे प्रत्येक गडाच्या, धबधब्याच्या आणि टेकडीवरच्या खानावळीच्या खिडकीत एक शिक्का दोरीनं बांधून ठेवलेला असतो आणि आख्खी कुटुंबं वही उघडून त्याच्यापुढं रांगेत उभी असतात. पार्दुबित्सेला हिनेकच्या घरी अशा वह्यांचं एक कपाट होतं. वडील डोंगरभटक्यांच्या मंडळाचे चिटणीस, आई नगरपालिकेत नोंदणी खात्यात. "शिक्का नाही ती गोष्ट झालीच नाही," असं आई म्हणायची, आणि स्वतःच्या लग्नाच्या दाखल्यावरचा शिक्का जरा पुसट आहे याची खंत तिला पंचवीस वर्षं होती. रुमानियात शिकायला आलेल्या आपल्या मुलाला मोहिमेचं प्रमुखपद मिळालं हे फोनवर कळताच तिनं एकच प्रश्न विचारला, "शिक्के गोल आहेत ना?"

हिनेकनं वेळापत्रक मिनिटांत केलं. शनिवारची सहल होती, पण शनिवारी इनिगो उठला नाही आणि रविवारी गाडी मिळाली नाही, म्हणून सोमवार ठरला. वेळापत्रकात प्रत्येक चर्चला चाळीस मिनिटं होती आणि त्यांतली चार 'छायाचित्र व भावना' यांसाठी राखून ठेवली होती. जेवण दुपारी सव्वाला, तिसरा शिक्का मिळाल्यावर. त्यासाठी त्यानं आदल्या दिवशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बारा श्निट्झेल तळली होती. पावाच्या चुऱ्यात घोळवलेले हे मांसाचे काप डब्यात नसले तर चेक माणूस स्वतःच्या गल्लीबाहेरही पडत नाही. शिवाय तिन्ही अर्धी पानंही त्यानं माहितीपुस्तिकेवरून आधीच लिहून ठेवली होती. आता फक्त जाऊन यायचं बाकी होतं.

गाडी तिबेरिउकाकांची. काका साठीचे, मिशाळ, मितभाषी. पहिल्या गावात चर्चच्या दरवाजाला कुलूप बघून हिनेकचा चेहरा पडला, तेव्हा काका स्टिअरिंगवर हात ठेवून शांतपणे म्हणाले, "आज सोमवार. सोमवारी सगळं बंद असतं."

"मग आधी का नाही सांगितलंत, काका?"

"तू विचारलं नाहीस. तू मला फक्त डावं-उजवं सांगत होतास."

पण देवाला काळजी. दरवाजासमोर एक बाई लोकरीचे मोजे विकत बसली होती, आणि चर्चचा शिक्का तिच्याच पेटीत होता. सोमवारी येणाऱ्या माणसांची अडचण होऊ नये म्हणून तिनं ही समाजसेवा पत्करली होती. चौघांनी एकेक जोड मोजे घेतले आणि पहिल्या चौकटीत निळा, गोल, सुबक शिक्का उमटला. सगळं मिळून नऊ मिनिटं. हिनेकनं घड्याळ पाहिलं आणि आपण एकतीस मिनिटं पुढं आहोत असं जाहीर केलं.

दुसऱ्या गावातलं चर्च परांच्यांच्या आणि जाळीच्या मागं होतं. दुरुस्ती चालू होती. मुकादमानं चुन्याच्या हातांनी खिशातून शिक्का काढला, तोंडानं वाफ दिली आणि दुसऱ्या चौकटीत दाबला. सहा मिनिटं. हिनेकला आता उकळ्या फुटत होत्या.

"मी आत्तापर्यंत एक मोजा पाहिला आणि एक फावडं," कॅलिरोई म्हणाली. "याच्यावर अर्धं पान काय लिहिलंयस तू?"

"गॉथिक कमानींची भव्यता."

"कुणाच्या?"

हिनेकनं तिकडं दुर्लक्ष केलं. नेत्याला अशी दुर्लक्षं करावी लागतात.

तिसरं गाव मेर्शा. तिथं मात्र घोडं पेंड खाऊ लागलं. चर्च टेकाडावर, भोवती दोन पुरुष उंच तट, कोपऱ्यात जाडजूड बुरूज, आणि दाराला कुलूप. कुलपावर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद लटकत होता: 'किल्ली: सावेता, घर ८४. शिक्का: मिश, घर ४२. शिक्का पाचपर्यंत.' घर बेचाळीस चर्चच्या पायथ्याशी होतं आणि चौऱ्याऐंशी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

"आपल्याला किल्लीची गरजच काय?" हिनेक म्हणाला. "शिक्का तर इथंच आहे." आणि तो कागद घेऊन बेचाळीस नंबरात गेला.

मिशआजोबा अंगणात अक्रोड फोडत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. गावातले जर्मन वंशाचे सॅक्सन लोक एकेक करून जर्मनीला गेले त्याला तीस वर्षं झाली. मिशआजोबा गेले नाहीत, कारण त्यांना प्रवास आवडत नव्हता. त्यांनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"आत जाऊन आलास?"

"हो," हिनेक म्हणाला. शिक्का समोर दिसत असताना माणूस किती झटकन घसरतो, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"बुरुजात काय टांगलंय?"

"घंटा," हिनेक म्हणाला. बुरुजात दुसरं काय टांगणार.

मिशआजोबांनी पुढचा अक्रोड घेतला. "आत जाऊन ये. मग बोलू."

चौऱ्याऐंशी नंबरात सावेतामावशी झाकुस्का करत होत्या. मिरच्यांचा हंगाम म्हणजे त्या भागात लग्नसराईसारखा. भाजलेल्या वांग्यांचा आणि लाल मिरच्यांचा रगडा हंड्यात चार-चार तास शिजत असतो, आणि तो हंडा सोडून त्या दिवसांत बाई स्वतःच्या आईलाही दार उघडायला उठत नाही. मावशी हातातला लाकडी दांडा न थांबवता म्हणाल्या, "किल्ली मी कुणाच्या हातात देत नाही बाळा. एका साहेबाला दिली होती, ती जर्मनीला गेली. दोन महिन्यांनी टपालानं आली. उघडायचं तर मी येणार. आणि मी आले तर हे बुडाला लागणार."

"किती वेळ लागेल, मावशी?"

"दांडा मधोमध उभा राहिला की झालं."

दांडा मधोमध ठेवला की आडवा पडत होता. हिनेकनं मनातल्या मनात वेळापत्रकाची एक पूर्ण ओळ खोडली आणि "मी ढवळतो, तुम्ही चला," म्हणून दांडा हातात घेतला. इथं कुंपणापलीकडून शेजारणीचं डोकं वर आलं. शेजारीण फ्लोआरेया, आणि तिच्यामागं तिची जाऊ.

"असं नाही ढवळत, पोरा. आजाऱ्याला पेज भरवतोस का?"

"बुडातून काढ, बुडातून. वर वर काय करतोस?"

"आईनं काही शिकवलं नाही वाटतं."

"शिकवलंय हो, पण याला हात नाही. एकेकाला नसतो हात."

पार्दुबित्सेच्या नगरपालिकेत ज्या बाईच्या सहीशिवाय मूल जन्माला येत नाही, तिच्या मुलानं हे सगळं ऐकून घेतलं. त्याच्या मनगटावर रगड्याचा उकळता शिंतोडा उडाला, तेव्हा त्यानं शेजारणींकडे बघून हसायचाही प्रयत्न केला. अडला हरी, दुसरं काय. मावशींनी बोग्नाला दांडा दिला. तिनं हिशेबी ढवळलं, तेही पसंत पडलं नाही. कॅलिरोई चाखत होती, तिला बाजूला केलं. शेवटी गाडीत झोपलेल्या इनिगोला उठवून आणलं. त्यानं अर्धवट मिटल्या डोळ्यांनी दांडा धरला आणि तो असा संथ, एका लयीत, बुडापासून फिरवू लागला, की कुंपणावरची दोन्ही डोकी गप्प झाली.

"याला हात आहे," मावशी म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी इनिगोची स्तुती केली होती. तो जागा झाला.

मावशींनी एप्रनला हात पुसले आणि कोपरापासून मनगटापर्यंत लांबीची किल्ली घेऊन त्या निघाल्या. सव्वा तीन वाजले होते. चर्चचं दार उघडलं, बुरुजाचं उघडलं. बोग्ना आणि कॅलिरोई आत गेल्या आणि मधल्या बाकांना पाठ का नाही हे एकमेकींना विचारत बसल्या. पूर्वी तिथं पोरी बसत, आणि मागं टेकलं की त्यांच्या कडक इस्त्रीच्या फिती चुरगळत, म्हणून पाठच ठेवली नाही, असं मावशींनी सांगितलं. हिनेकला हे सगळं ऐकायला वेळ नव्हता. "बुरुजात काय टांगलंय ते बघतो आणि येतो," असं तो म्हणाला खरा, पण अर्धा जिना चढल्यावर म्हणाला, त्यामुळे ते कुणी ऐकलं नाही.

वरच्या मजल्यावर पोचला आणि त्याला आधी वास आला. धुराचा, मिठाचा, लसणाचा. मग अंधाराला डोळे सरावले. वाशांना आकडे होते आणि आकड्यांना डुकराच्या खारवलेल्या, धुरी दिलेल्या चरबीच्या लाद्या टांगल्या होत्या. याला तिकडे स्लनिना म्हणतात, आणि सकाळच्या पावावर तिचा पातळ काप नसेल तर दिवस सुरू झाला असं कुणी समजत नाही. प्रत्येक लादीच्या कापलेल्या कडेवर काळा चौकोनी शिक्का होता: ४२, ८४, १७. शत्रू यायचा त्या काळापासून गावाची चरबी बुरुजात ठेवायची, रविवारी सकाळी सगळ्यांसमक्ष दार उघडायचं, ज्यानं त्यानं आठवड्यापुरतं कापायचं आणि कापलेल्या कडेवर आपल्या घराचा शिक्का मारायचा. मधल्या दिवसांत कुणी हात मारला तर ताजी कड शिक्क्याविना उघडी दिसते. दीडशे घरांपैकी तीन घरं अजून हा रिवाज पाळत होती.

हिनेकला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला उत्तर मिळालं होतं. तो खाली आला, तोवर दार बंद होतं.

झालं होतं असं, की मावशींना हंड्याची आठवण झाली. त्यांनी चर्चमध्ये डोकावून "कुणी आहे का आत?" विचारलं, पोरी बाहेर हिरवळीवर होत्या, 'तुमचा तो घाईतला मुलगा कुठंय' म्हटल्यावर त्यांनी 'शिक्क्यापाशी असणार' असं सांगितलं, आणि मावशींनी दोन्ही दारं लावून घेतली. हिनेकचा फोन गाडीत चार्जिंगला होता. जंग्या, म्हणजे भिंतीतल्या बाण मारायच्या फटी, तटाबाहेर उघडत होत्या, आणि बाहेर कुरणात नऊ बदकं होती. शत्रूंनी सोळा दिवस वेढा घालूनही जी भिंत हलली नव्हती, ती एका चेक विद्यार्थ्याच्या हाकांनी काय हलणार. त्यानं आधी रुमानियन भाषेत हाका मारल्या, सभ्यपणे, 'माफ करा' असं आधी म्हणून. मग स्वतःच्या भाषेत, तितक्या सभ्यपणे नव्हे.

चार वाजले. सव्वा चार. सकाळी सहाला खाल्लेल्या पावानंतर पोटात काही नव्हतं. श्निट्झेलचा डबा कॅलिरोईपाशी होता आणि त्याच्या स्वतःच्या हुकुमानं बंद होता. निदान तो तसं समजत होता. हिनेक लाद्यांच्या मधोमध बसला. त्याच्या खिशात वडिलांनी दिलेला घडीचा चाकू होता. खालच्या कोपऱ्यातल्या लादीचा एक कोपरा असाही जरा बाहेर आलेला होता. इतक्या मोठ्या लादीतून एक बोटभर गेलं तर कुणाला कळणार आहे, असा विचार जगातल्या प्रत्येक चोराच्या मनात आधी येतो, आणि हिनेकच्या मनात तो अगदी तसाच आला. त्यानं बोटभर कापलं. खाल्लं. इतकी चवदार वस्तू त्यानं आयुष्यात खाल्ली नव्हती. म्हणून मग आणखी बोटभर कापलं.

पावणेपाचला बोग्नाला संशय आला. ती बेचाळीसमध्ये गेली. मिशआजोबा म्हणाले, "तो? त्याला मी बुरूज बघायला धाडलंय." मग धावाधाव झाली. तिबेरिउकाका मावशींकडे किल्लीला गेले. मावशींनी निरोप पाठवला, दांडा उभा राहत आलाय, दहा मिनिटं. मिशआजोबा स्वतः बुरुजाच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्या एका खिशात चर्चचा गोल शिक्का होता, दुसऱ्या खिशात घरचा चौकोनी. कुंपणावरच्या दोघी जावाही आल्या. असं काही घडत असताना घरी कोण बसतं.

"काय टांगलंय?" मिशआजोबांनी बंद दाराच्या फटीतून विचारलं.

"स्लनिना," आतून उत्तर आलं.

"शाबास. आता आत आहेसच, तर एक काम कर. लाद्या मोज."

हिनेकला मोजायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. तो वर जाऊन आला. "बेचाळीसच्या नऊ, चौऱ्याऐंशीच्या सहा, सतराच्या चार."

"माझ्या नवांच्या कडा बघ. सगळ्या कडांवर शिक्का आहे ना?"

आत पावलं जिन्याच्या दोन पायऱ्या चढली आणि थांबली.

हे इथंच सांगायला हवं, की मिशआजोबा आणि सावेतामावशी अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बुरुजाची किल्ली मावशींकडे, चरबी तिथं आजोबांची. एका रविवारी आजोबांना आपली लादी हलकी वाटली, आणि तसं ते चारचौघांत बोलले. तेव्हापासून किल्ली एका टोकाला आणि शिक्का दुसऱ्या टोकाला. पाहुण्यांची पायपीट व्हायची ती या अकरा वर्षांची होती.

"बोल की पोरा. एखादी कड उघडी आहे का?"

"आहे," हिनेक म्हणाला. "एक."

नेमक्या त्याच वेळी सावेतामावशी किल्ली घेऊन तटाच्या आत आल्या. कपाळावर मिरचीचा लाल ओघळ, हात कोपरापर्यंत लाल. मिशआजोबा त्यांच्याकडे वळले. आवाज त्यांनी चढवला नाही. "अकरा वर्षं मी म्हणतोय," ते गावाला ऐकू जाईल असं म्हणाले. "आज तिऱ्हाईतानं सांगितलं. आपला नाही, गावचा नाही, परदेशातला शिकलेला मुलगा आहे."

मावशींनी कुलपात किल्ली घातली, पण ती फिरवायला त्यांचा हात चालेना. दार तसंच राहिलं. हिनेकला फटीतून फक्त तो लाल हात दिसत होता. पाचला चार मिनिटं होती. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसला असता तर दार उघडलं असतं, गोल शिक्का बसला असता, सहा क्रेडिट, बोग्नाची शिष्यवृत्ती, आईचा फोन, सगळं जागच्या जागी. त्याला हे सगळं एका क्षणात दिसलं, आणि स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"ती मी कापली," तो म्हणाला.

बाहेर दोघी जावा दाराजवळ सरकल्या.

"आत्ता. अर्ध्या तासापूर्वी. मला भूक लागली होती. बोटभर."

"मूर्ख," बोग्ना हळूच म्हणाली. "एवढं खरं बोलायला याला आजचाच दिवस सापडला."

किल्ली फिरली. मिशआजोबा शिडीसारखा जिना धरत धरत वर गेले, कडेला बोट लावलं आणि वरूनच ओरडले, "दोन बोटं आहे."

"दोन बोटं," हिनेकनं कबूल केलं.

सगळे खाली आले. मिशआजोबांनी लादी आणली होती. ती दगडावर ठेवून त्यांनी खिशातला चौकोनी शिक्का काजळीच्या डबीत बुडवला आणि उघड्या कडेवर मारला. रीत पुरी झाली. मग हिनेकपुढं हात केला. हिनेकनं आशेनं कागद दिला. आजोबांनी दुसऱ्या खिशाकडे हात नेलाच नाही. त्यांनी तोच काजळीचा, चरबीचा शिक्का उचलला आणि तिसऱ्या चौकटीत दाबला. ४२. चौकोनी, काळा, कडेनं तेलाचा डाग पसरत चाललेला.

"आजोबा, तो गोल..."

"गोल पाहुण्याला. हा कापणाऱ्याला." त्यांनी शिक्का पुसून खिशात टाकला. "पाच वाजले."

जाताना ते सावेतामावशींपाशी थांबले. चष्मा काढून पुसला.

"किती बरण्या होतील?" त्यांनी शेवटी विचारलं.

"बत्तीस," मावशी म्हणाल्या. "एक पाठवते."

कुंपणावरच्या दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. अकरा वर्षांत त्यांना असा सोमवार मिळाला नव्हता. इनिगोला तीन बरण्या आणि पुढच्या वर्षीचं आमंत्रण मिळालं. हिनेकला गाडीत श्निट्झेलचा रिकामा डबा मिळाला.

"दुपारी एकलाच खाल्ली आम्ही," कॅलिरोई म्हणाली. "काकांना चार दिली. छान झाली होती रे."

परतीच्या वाटेवर आईचा फोन आला. "मिळाला का तिसरा?"

"मिळाला."

"गोल?"

हिनेकनं गोष्ट लपवायला नको असं आजच ठरवलं होतं. "चौकोनी," तो म्हणाला. "चरबीचा."

पलीकडे आईनं पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला. "हिनेक," ती म्हणाली, "ते कुठलं ऑफिस आहे?"

मंगळवारी बाराला दहा मिनिटं कमी असताना चौघं होदोशबाईंच्या खोलीत उभी होती. हिनेकनं रात्रभर कागद टिपकागदात दाबून ठेवला होता, पण डाग उलट वाढला होता आणि खोलीभर धुराचा, लसणाचा वास सुटला होता. त्यानं वाक्य पाठ करून आणलं होतं. "बाई, तिसऱ्या शिक्क्याबाबत थोडं स्पष्टीकरण द्यायचं आहे. चूक सर्वस्वी माझी आहे, बाकीच्यांना..."

बाईंनी हात वर केला. त्यांनी पहिल्या चौकटीकडे पाहिलं. "मोजे कुठल्या रंगाचे?"

"करडे," हिनेक म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

बाईंनी लाल पेन घेऊन पहिल्या गोल शिक्क्यावर काट मारली. दुसऱ्याच्या कडेचा चुना नखानं उडवला आणि त्याच्यावरही काट मारली. सोबतची अर्धी पानं त्यांनी न वाचता परत दिली. बोग्नानं डोळे मिटून घेतले. मग बाई तिसऱ्या चौकटीकडे वळल्या. कागद नाकाशी नेला. पुष्कळ वेळ तसाच धरला.

"मिशनं मारला हा? स्वतः?"

"हो. मी त्यांची स्लनिना चोरली होती."

"सतरा नंबरच्या लाद्या किती होत्या?"

हिनेक गोंधळला, पण आकडा त्याला पाठ होता. "चार."

"चार," बाई म्हणाल्या. "मी ईस्टरला गेले होते तेव्हा सात होत्या. सतरा नंबर आमचं घर. किती खातो माझा भाऊ! सुधारायचा नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्या जराशा हसल्यासारख्या वाटल्या. "सावेता बोलली मिशशी?"

"एक बरणी पाठवणार आहे," इनिगो म्हणाला. सबंध सत्रात वर्गात तो पहिल्यांदाच बोलला होता.

बाईंनी कागद हिनेकच्या हातात परत दिला. "नियम तीन शिक्क्यांचा आहे. तुमच्याकडे एक आहे. पुढच्या मंगळवारपर्यंत आणखी दोन आणा, असेच. आणि सोमवारी जाऊ नका."

हिनेकनं या वेळी वेळापत्रक केलं नाही. शनिवारी पहाटे त्यानं श्निट्झेल चोवीस तळली, तिबेरिउकाकांना गाडीत बसायच्या आधीच विचारलं, "काका, मी काय विचारायला विसरतोय?" आणि चाकू तेवढा घरी ठेवला.